लोगोतले ग्यानोबामामा

मी आयुष्यात जेवढं काम केलं ते सगळं एकापुढं एक जोडून लावलं, तर समोरचा चहा थंड व्हायच्या आत संपून जाईल. दहा सेकंदांचं एक, बारा सेकंदांचं एक, फार तर पंधरा. त्यातलं आज दाखवायला काहीच शिल्लक नाही. कॅसेटींना बुरशी लागली, कंप्युटर भंगारात गेले, आणि ज्या केबल चॅनेलांसाठी ते केलं ती चॅनेलंही एकेक करून मिटली. याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. शिंप्यानं शिवलेला सदरा निदान कुणाच्या तरी अंगावर फाटतो. माझं काम हवेतच विरलं.

धंदा काय होता ते आधी सांगते. टीव्हीवर एक कार्यक्रम संपतो आणि दुसरा सुरू व्हायचा असतो. त्या मधल्या फटीत चॅनेलचं चिन्ह येतं. अक्षरं उडत येतात, गिरकी घेतात, एक सूर वाजतो आणि सगळं जागच्या जागी बसतं. मोठ्या शहरांत त्याला आयडेंट म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्या हिंगोली जिल्ह्यात त्याला ‘लोगो फिरवणं’ म्हणत. काम एवढंच, की चुलीपुढं पाठमोरी बसलेल्या बाईलाही मान न वळवता कळलं पाहिजे, कोणतं चॅनेल लागलंय.

मी चित्रकला शिक्षिकेचा कोर्स केला होता. पण शाळांना त्या काळी सगळे विषय शिकवायला माणसं लागत, फक्त चित्रकला सोडून. माझा भाऊ मिलिंद यानं वसमतला बसस्टँडजवळ डीटीपीचं दुकान टाकलं होतं. लग्नपत्रिका, जयंतीची पोस्टरं, हळदीच्या आडतींची बिलबुकं. त्याला औरंगाबादला नोकरी लागली आणि दुकान, कंप्युटर, स्कॅनर आणि उधारीची गिऱ्हाइकं असं सगळं माझ्या पदरात आलं.

हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. जो तो आपल्या तालुक्याचं चॅनेल काढून राहिला होता. आमच्याकडे केबल होती रशीदभाईंची. उंच, हसरा माणूस, कमरेला कायम पक्कड. त्यांच्या चॅनेलला रीतसर नाव होतं, पण लोक ‘रशीदचं चॅनेल’च म्हणत. एक दिवस ते व्हिजिटिंग कार्ड छापायला आले आणि स्क्रीनकडे बघत उभे राहिले.

"ताई, हे अक्षर हलत्यात का?"

"छापलेलं अक्षर कसं हलंल, रशीदभाई?"

"कागदावरचं नक्को हो. ये कंप्युटर में का. जरा घुमाके बताव ना."

मी घुमवून दाखवलं. दुसऱ्या दिवशीपासून माझा धंदा बदलला.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. बहुतेकांना पृथ्वीचा गोळा पाहिजे असे. निळा गोळा फिरतोय, मागून सोनेरी अक्षरं येतायत, आणि शेवटी ढगफुटी झाल्यासारखा आवाज. सेनगावचे एक केबलवाले काका जीपनं हिंगोलीला आणि तिथून एसटीनं माझ्याकडे आले. त्यांचीही मागणी पृथ्वीचीच, पण एक अट होती. "गोळा फिरला पायजे, पण सेनगाव कायम म्होरं दिसलं पायजे."

"काका, गोळा फिरला की सेनगाव मागं जाणारच."

"काहून? आमचंच गाव मागं काहून जाईल?"

शेवटी मी पृथ्वी जागेवर ठेवली आणि भोवतालच्या चांदण्या फिरवल्या. काका खूश होऊन गेले. दुसरे एक जण ज्योतिषाला विचारून आले होते. त्यांचा लोगो उजवीकडूनच वळायला पाहिजे होता, देवाला प्रदक्षिणा घालतात तसा. तसा वळवला. त्यानं चॅनेल चाललं की नाही माहीत नाही, पण मालकाला झोप लागली असणार.

हे सगळं मी करत होते, पण मनातून कंटाळले होते. गोळा, सोनेरी अक्षरं, धडाम. गोळा, सोनेरी अक्षरं, धडाम. बघणाऱ्याला हे सेनगावचं की सिंगापूरचं, काही कळायचं नाही.

असंच एकदा मी कुरुंद्याला मावशीकडे गेले होते. केबल अजून गावभर पोचली नव्हती, गल्ल्यागल्ल्यांत काड्यांचे ॲन्टेना होते. संध्याकाळी मावशीच्या दारात बसले असता समोरच्या माळवदावरून हाक आली. हाक कसली, आभाळच हाललं. मावशीच्या समोर राहणारे ग्यानोबामामा ॲन्टेनाचा पाइप दोन्ही हातांनी धरून फिरवत होते आणि खाली दारात त्यांची बायको कौसामामी घरातल्या टीव्हीवर डोळा ठेवून उभी होती.

"आलं का?"

"मुंग्याच हायेत!"

"आता?"

"आवाज आला, चित्र गेलं!"

"आता तरी?"

"आलं! आलं! सोडू नका!"

"सोडू नको म्हंतीस, तर काय जेवण बी इथंच आणून देती का?"

आख्खी गल्ली हसली. मी पण हसले, आणि हसता हसता गप्प झाले. हाच तर लोगो! या जिल्ह्यात असं एक घर नव्हतं, जिथं एक माणूस वर आणि एक माणूस खाली उभा राहून हे बोललेलं नाही.

ग्यानोबामामांचा आवाज गावात प्रसिद्ध होता. ज्वारी हुरड्यात आली की ते माचणावरून हाक देत, तर शेजारच्या चार शेतांतली पाखरं उठत. शेजारी म्हणत, आमाला राखणदार लागतच न्हाई. लोगोसाठी आवाज द्याल का, असं मी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "माझा आवाज टीव्हीत मावंल का पण?"

रशीदभाईंचा लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन मी पुन्हा कुरुंद्याला गेले. मामांना वर चढवलं, मामीला दारात उभं केलं आणि त्यांना म्हटलं, रोज भांडता तसंच भांडा. पण मला नुसतं शूटिंग नको होतं, चित्र पाहिजे होतं. चित्र कसं केलं ते सांगते, म्हणजे या धंद्यात किती वेडेपणा होता ते कळंल. व्हीसीआरवर कॅसेट लावायची आणि चित्र थांबवायचं. थांबलेलं चित्र थरथरतं, मधून पांढरी रेघ जाते. टीव्हीच्या काचेवर बटरपेपर चिकटवायचा आणि पेन्सिलीनं मामा गिरवायचे. काच हाताचे केस ओढून घेते. मग कॅसेट एक झटका पुढं आणि दुसरा कागद. टीव्हीवर एका सेकंदाला पंचवीस चित्रं जातात. मी एकाआड एक काढली, तरी दीडशेच्या वर कागद झाले. नंतर एकेक कागद स्कॅन करून रंगवायचा. त्यात लोडशेडिंग. लाइट गेली की अर्धे रंगवलेले मामाही जात.

पण झालं. माळवदावर धोतर-बंडीतला एक ठेंगणा माणूस ॲन्टेना फिरवतोय, पडद्यावर नुसत्या मुंग्या. "आलं का?" मुंग्या. "आता?" मुंग्या. मग खालून बाईचा आवाज, "आलं! आलं! सोडू नका!" आणि मुंग्यांतून चॅनेलचं नाव वर येतं. ना सूर, ना धडाम.

रशीदभाईंनी तो दोनदा बघितला आणि पक्कड टेबलावर ठेवली. म्हणाले, "ताई, इसमें पृथ्वी नहीं है."

मी म्हटलं, "न्हाई."

"बहोत अच्छा हुआ."

लोगो दर अर्ध्या तासाला लागायचा. महिन्याभरात पोरं शाळेत एकमेकांना "आलं का?" विचारू लागली. भाजीवाले वजन करताना म्हणत, "आलं, आलं, सोडू नका." मामा बाजाराला आले की लोक चहा पाजत. मामीची मात्र तक्रार होती. "चित्रात हे एकटेच. माझा नुसता आवाज. मी काय भिताडाआडची हाव का?" मी म्हणत असे, पुढच्या वेळी काढते मामी.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. तोवर रशीदभाईंची केबल कुरुंद्यातही घरोघर पोचली. मग एका दुपारी मामांचा मुलगा बालाजी दुकानात आला. उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"ताई, तो लोगो बंद करता येईल का?"

"काहून रे? काय झालं?"

तेव्हा कळलं. मामांचा आवाज तीन-चार महिन्यांपासून बसला होता. सगळ्यांना वाटलं, ओरडून बसला असेल. नांदेडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. घशात गाठ होती, वाईट. डॉक्टर म्हणाले, गाठ निघेल, माणूस वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल.

"म्हणजे?" मी विचारलं. कळलं होतं, तरी विचारलं.

"म्हणजे बोलणं बंद, ताई. कायमचं." बालाजी जमिनीकडे बघत होता. "बाबा घरी येतील तवा टीव्ही तर चालूच ऱ्हाणार. दर अर्ध्या घंट्याला त्यांचाच आवाज त्यांच्या म्होरं. माणूस येडा व्हईल."

मी दुकानाला कुलूप लावलं. रशीदभाईंना जाऊन सांगितलं. चॅनेलची सगळी ओळख त्या लोगोवर होती आणि जाहिरातवालेही त्याच्या मागचीपुढची जागा मागत. तरी रशीदभाई उठले, कंट्रोल रूममध्ये गेले आणि मशिनमधून कॅसेट काढून माझ्या हातात दिली. "पहिले इन्सान, ताई." त्या दिवशी मी पुन्हा गोळा बसवला. सोनेरी अक्षरं, धडाम.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. मुंबईची खबर कधी लागायची, कधी नाही. बालाजी तिकडंच होता. पत्रिका छापता छापता माझ्या कानात मामांची हाक वाजायची आणि वाटायचं, आता ही हाक फक्त या कॅसेटमध्ये आहे. कॅसेट मी कपाटात, चादरीच्या घडीत ठेवली होती. शेवटी मावशीचा निरोप आला. ऑपरेशन झालं, गाठ पुरी निघाली, मामा घरी आले. मी दुकानातच डोळे पुसले.

पण एक गोष्ट आमच्या कुणाच्या ध्यानात आली नव्हती. लोगो बंद झाला हे लोकांनी बघितलं होतं. बंद का झाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

आठवड्याभरात कौसामामी माझ्या दुकानाच्या पायऱ्या चढून आली. काळीपिवळी जीपमधून उतरून थेट. डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला आणि चेहरा असा, की मी हातातलं काम टाकून उठले. वाटलं, संपलं.

"मामी, मामा..."

"मामाला काय धाड भरली? जित्ता हाये तुझा मामा! पण तुमी लोकांनी त्याला मारून ठिवला न्हवं!"

मी खुर्ची पुढं केली, पाणी दिलं. पाणी पिता पिता तिनं सांगितलं ते असं. लोगो गेला, गोळा आला, तसं लोकांनी ठरवून टाकलं की कुरुंद्याचा म्हातारा गेला. आधीच मुंबईला नेलं होतं, आवाज गेला हे कानावर होतंच. आवाज गेला तर माणूसही गेलाच असणार. लोक भेटायला येऊ लागले. टोप्या काढून दारात बसू लागले. मामा आत बाजेवर, गळ्याला फडकं, श्वासाला पुढून भोक ठेवलेलं. त्यांना ओरडून सांगताही येईना, की अरे मी हाये.

"परवा तर हट्टा गावची नणंद आली. वेशीपासून हंबरडा फोडत आली. माझ्यासाठी दुखवट्याचं लुगडं घेऊन! गल्लीतल्या बायका तिच्या मागं. आन् हे आतून उठून दारात येऊन हुबे."

"मग?"

"मग काय! ती आदी भुईवर बसली. मंग उठली आन् भावाला दोन्ही हातानं बडवून काढलं. 'जित्ता हायेस तर सांगत काहून न्हाईस मेल्या!' म्हनून. हे कसं सांगणार? मंग गळ्यात पडून रडली. दोघं बी रडले." मामीनं पदरानं तोंड पुसलं. "लुगड्याचा रंग चांगला व्हता. पण घेऊ कसं?"

मला हसू आवरेना आणि रडूही. मामी पण हसली, मग एकदम गंभीर झाली. "ते लोगो परत लावा, बाई."

"पण बालाजी म्हणाला, मामांना तकलीफ होईल."

"बालाजीला काय कळतंय? त्याच्या बापाला इचारलं का कुणी? ते माणूस रोज टीव्हीम्होरं बसून गोळ्याकडं बोट दाखवून राहिलंय. काय पायजे, म्या वळखलं. पण आदी त्यास्नी हितं आणते. तुमच्या म्होरं बघू दे. झेपलं तर लावा, न्हाई तर ऱ्हाऊ द्या."

पुढच्या बाजारच्या दिवशी ती दोघं आणि बालाजी रशीदभाईंच्या कंट्रोल रूममध्ये आले. मामा निम्मे झाले होते. मी "जयभीम मामा" म्हटलं. त्यांनी हात जोडले, ओठ हलले, आवाज नाही. फडक्यामागून नुसती वाऱ्याची शीळ आली. मी चादरीच्या घडीतून काढून आणलेली कॅसेट रशीदभाईंना दिली. ज्या माणसाची हाक चार शेतांत जायची, त्याला त्याचीच हाक ऐकवायची. आपण हे बरं करतोय की छळ, मला ठरवता येईना. बालाजी भिंतीला टेकून दुसरीकडं बघत होता. रशीदभाईंनी कॅसेट लावली.

"आलं का?"

मामांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. ते पापणी न हलवता बघत राहिले. "सोडू नका!" झालं, नाव आलं, स्क्रीन काळी. मामांनी बोटानं खूण केली, पुन्हा. रशीदभाईंनी रिवाइंड केलं. दुसऱ्या वेळी मामांचे ओठ त्याच्याबरोबर हलले, बराबर जागच्या जागी. तिसऱ्या वेळी त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पुढं झाले, रडतायत वाटलं. ते हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे, आणि फडकं फडफड करतंय. मग त्यांनी मामीकडं बोट दाखवलं आणि कानावर हात ठेवून तोंड वेडंवाकडं केलं.

"माझा आवाज चिरका म्हणून राहिलेत," मामी म्हणाली. "म्हणा, म्हणा. आता तुमाला कोण अडवणार."

बालाजी भिंतीपासून सुटला आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला. मी गेले तेव्हा तो तोंडावर पाणी मारत होता. "लावा ताई," एवढंच म्हणाला.

पण लावायचा कसा? नुसता जुना लोगो लावला असता तर लोक म्हणाले असते, गेलेल्या माणसाचा आवाज परत सुरू केला. रशीदभाई म्हणाले, खाली पट्टी फिरवू, ‘ग्यानोबामामा सुखरूप आहेत’. मामी म्हणाली, "पट्टी कोण वाचतंय? माणूस दावा."

म्हणून पुन्हा कॅमेरा घेऊन मी कुरुंद्याला गेले. रशीदभाईही आले. डॉक्टरांनी चढउतार जपून करा म्हणून सांगितलं होतं. बालाजी शिडी धरून सारखा "हळू, बाबा, हळू" करत होता. अर्ध्यावर मामा थांबले, श्वासाची शीळ खालपर्यंत ऐकू आली. मी म्हटलं, "मामा, खाली उतरा, दारातच घेऊ." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दम घेतला आणि वर गेले. गल्लीत ही गर्दी. बघणारे आधी मामांकडे बघत, मग एकमेकांकडे.

नवा लोगो असा झाला. सुरुवातीला तेच चित्र, त्याच हाका. "आलं! आलं! सोडू नका!" आणि मुंग्या विरल्या की चित्रातल्या माणसाच्या जागी खरे मामा, गळ्याला पांढरं फडकं, एका हातात पाइप, दुसरा हात वर. खाली अंगणात नवं लुगडं नेसलेली कौसामामी वर बघत उभी. नवं म्हणजे हट्ट्याचंच. दुखवट्याचं म्हणून नाकारलं होतं ते नणंदेनं पुन्हा पाठवलं, आनंदाचं म्हणून.

लोगो पहिल्यांदा लागला तेव्हा मी रशीदभाईंच्या कंट्रोल रूममध्येच होते. लागून दोन मिनिटं झाली नसतील, फोन सुरू झाले. हट्ट्याहून, वसमतमधून, कुठून कुठून. एकच प्रश्न, "मामा हायेत व्हय?" रशीदभाई प्रत्येकाला सांगत होते, "हौ, हौ, हायेत. खणखणीत हायेत." खणखणीत म्हणू नये, हे त्यांना सुचत नव्हतं आणि मलाही.

त्यातच कुरुंद्याहून, घराला लागूनच असलेल्या एसटीडी बूथवरून बालाजीचा फोन आला.

"ताई, लागला. आमी सगळ्यांनी बघितला. गल्लीतली सगळी इथंच हायेत."

"मामा काय करून राहिलेत?" मी भीत भीत विचारलं.

पलीकडून गलका येत होता, त्यात मामीचा आवाज स्पष्ट. बालाजी आवाज चढवून सांगू लागला.

"मुंबईहून आल्यापासून नुसतं पातळ घेत होते, ताई. कितीबी म्हटलं तरी न्हाई. आत्ता लोगो झाला तसं आईकडं बघून हातानं खूण केली. भाकर मागितली. आई चुलीवर टाकून राहिली. ठेवतो मी, ताई, मला बी त्यांच्यासंगंच जेवायचंय."

त्यानं फोन ठेवला. मी रशीदभाईंना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग आपण काहून उपाशी?" आणि पक्कड कमरेला लावून शटर ओढायला निघाले.